आधी मंजुरीची वाट मोकळी कर

अगं, तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. पंपाच्या कंपनीतल्या तुझ्या सोशल मीडिया टीमने अजाईल पद्धतीने काम सुरू केलं, भिंतीवर बोर्ड लागला, सकाळी दहाला पंधरा मिनिटांची उभी मीटिंग होते, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे टप्पे, ठरले. तरी पोस्ट वेळेवर जात नाहीत, आणि सेल्सवाले विचारतात, तुम्ही दिवसभर करता तरी काय! मनाला लावून घेऊ नकोस. कुठे अडतंय ते तू पाठवलेल्या बोर्डाच्या फोटोतच दिसतंय.

'करायचंय'मध्ये मोजक्या चिठ्ठ्या, 'चालू'मध्ये त्याहून कमी, आणि 'मंजुरीसाठी' या रकान्यात मात्र चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली. अगदी तळाशी एक पिवळी चिठ्ठी आहे: 'पावसाळ्याआधी मोटार आणि स्टार्टरची पेटी कशी सांभाळावी'. मी फोटो मोठा करून वाचली. शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगाची पोस्ट. लिहून तयार, चित्रं तयार. प्रॉडक्टवाल्यांकडून ती लीगलला गेली, लीगलकडून सेल्सच्या मोठ्या साहेबांकडे, आणि साहेब टूरवर. पाऊस काही साहेबांसाठी थांबला नाही. स्प्रिंट दोन आठवड्यांचा आणि मंजुरी महिन्याची, मग तुम्ही कितीही राबलात तरी हे गणित कसं जुळावं?

माझं म्हणणं एवढंच आहे की वेग चिठ्ठ्यांनी येत नाही, निर्णय कोणाच्या हातात आहे त्यावर तो ठरतो. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घे. अमूलच्या त्या ठिपक्यांच्या फ्रॉकवाल्या मुलीची मोहीम १९६६पासून चालू आहे. मुंबईच्या होर्डिंगवर ताज्या घडामोडीवरची जाहिरात लागायची तेव्हा सोशल मीडियाचं नावही कोणाला माहीत नव्हतं. हे जमलं कारण अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी जाहिरात करणाऱ्या सिल्व्हेस्टर दाकुन्हांना मोकळीक दिली होती: दर वेळी आणंदच्या मुख्यालयाच्या मंजुरीसाठी थांबायचं नाही. विश्वास आधी टाकला, म्हणून जाहिरात बातमी ताजी असताना लागली.

तुमच्या मीटिंगमध्ये ओरिओचं उदाहरण हमखास निघत असेल. ३ फेब्रुवारी २०१३, अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला सुपर बोलचा सामना, स्टेडियममधले दिवे गेले आणि खेळ ३४ मिनिटं थांबला. तेवढ्यात ओरिओचं ट्विट आलंसुद्धा: अंधारातही बिस्कीट दुधात बुडवता येतं, अशा अर्थाचं. सगळे त्या हजरजबाबीपणाचं कौतुक करतात. मला त्यामागची तयारी जास्त मोलाची वाटते. त्या रात्री ब्रँडची आणि एजन्सीची माणसं एकत्र बसली होती, होकार देणारा माणूस तिथेच होता. शिवाय आदल्याच वर्षी, ओरिओच्या शंभरीनिमित्त, त्यांनी १०० दिवस रोज एक नवं चित्र टाकलं होतं. हात तिथे बसला होता. म्हणून तुमच्या साहेबांनी 'आपणही असं काहीतरी व्हायरल करू' म्हटलं, तर हे शंभर दिवस त्यांना आवर्जून सांग.

आता साहेबांकडे काय मागायचं ते नीट ऐक. किंमत, वॉरंटी, 'एवढी वीज वाचते' असे दावे, दुसऱ्या कंपनीशी तुलना, हे सगळं लीगलकडे जाऊ दे. त्यात घाई नकोच. पण वापराच्या टिपा, सणाच्या शुभेच्छा, कमेंटची साधी उत्तरं यांचे नियम एकदाच लेखी मंजूर करून घे, आणि पुढचा निर्णय टीमचा. अशा पोस्टला उद्या दुपारपर्यंत हरकत आली नाही तर ती जाईल, हेही त्याच कागदावर येऊ दे. आणि मंजुरीच्या रकान्याला मर्यादा घाल, समजा पाच चिठ्ठ्यांची. पाच झाल्या की कोणीही नवीन लिहायला बसायचं नाही, आधी अडलेल्या सोडवायच्या. टोयोटात तायइची ओनो यांनी बसवलेल्या कानबान पद्धतीचं मर्म हेच: पुढे जागा झाल्याशिवाय मागून माल ढकलायचा नाही.

विषय शोधायला ट्रेंडच्या मागे धावू नका गं. पंपाच्या कंपनीने प्रत्येक सिनेमाच्या संवादावर पोस्ट करून काय मिळणार? तुमच्या कमेंट वाच. कोणी विचारतं, व्होल्टेज कमी असलं की मोटार का जळते? तेच पुढच्या स्प्रिंटचं काम. व्होल्टेज उतरलं की मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते, हे तुमच्या सर्व्हिसच्या माणसाला मोटार उघडून मोबाईलसमोर दाखवू दे. मग स्प्रिंटच्या शेवटी लाइक किती आले यापेक्षा डीलरकडे किती जण चौकशीला आले ते विचारा. सेल्सवाल्यांचा सूर तिथे बदलेल.

एक गोष्ट मात्र आजच कर. पुढे लावून ठेवलेल्या पोस्ट थांबवायचा अधिकार कोणाला आहे ते ठरव. सगळीकडे पुराच्या बातम्या आणि तुमच्या पेजवर 'पावसाचा आनंद घ्या', असं व्हायला नको. तेव्हा मंजुरी शोधत बसायला वेळ नसतो.

आणि आता तुझ्याबद्दल. रात्री साडेअकराला तू कमेंटना उत्तरं देत असतेस, मला दिसतं. २००१ साली अमेरिकेत युटाच्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा केला. त्याच्या बारा तत्त्वांतलं एक असं की कामाचा वेग कायम झेपेल असाच असावा. तुझा तसा नाही. संध्याकाळनंतरच्या कमेंटसाठी पाळी लावा. पाळी नसलेल्याने फोन बाजूला ठेवायचा. दोन स्प्रिंटच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवून, काय जमलं, काय अडलं ते मोकळेपणाने बोला. तिथे तू सगळ्यांचं ऐकून घेतेस हे मला माहीत आहे. या वेळी स्वतःचंही सांग. साहेबांपुढे न्यायचा कागद लिहिलास की आधी मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.