मेंदूतील झोका

विद्यार्थी मित्रांनो, एक सोपा प्रयोग करा. उजवा हात समोर ताठ धरा. पसरलेल्या बोटांवर वहीचा एक कागद ठेवा. कागदाची कड बारीक थरथरताना दिसेल. तुम्ही घाबरलेले नाही, थंडीही नाही. तरी हात हलतो. प्रत्येक माणसाचे असेच होते. या थरथरीची कारणे अनेक आहेत. पण आपल्या मेंदूतही एक जागा अशी आहे, जिथे स्वतःची लय चालते. आज तिची ओळख करून घेऊ.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली अनुमस्तिष्क असते. तोल सांभाळणे आणि हालचाली नेटक्या करणे हे त्याचे काम. त्याच्या पुढे मस्तिष्कस्तंभ आहे. मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात उजवीकडे व डावीकडे चेतापेशींचा एकेक पुंजका असतो. तिथे बाहेरून जैतूनच्या फळासारखा फुगवटा दिसतो. म्हणून त्याला ‘ऑलिव्ह’ म्हणतात. ऑलिव्ह म्हणजेच तुमचे जैतून!

या पेशींचे तंतू अनुमस्तिष्कात जातात. झाडावर वेल चढावी, तसे ते तेथील मोठ्या पुर्किंये पेशींवर चढतात.

रोडोल्फो लिनास आणि योसेफ यारोम या शास्त्रज्ञांनी गिनीपिगच्या मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून या पेशी तपासल्या. 1986 साली त्यांनी लिहिले, की या पेशींचा विद्युतदाब आपोआप वरखाली होतो, एका सेकंदात सुमारे 5 वेळा.

याचा उपयोग काय? झोका आठवा. योग्य क्षणी हलका धक्का दिला, तरी झोका उंच जातो. चुकीच्या वेळी दिलेला धक्का वाया जातो. या पेशींचेही तसेच आहे. दाब वर असताना संदेश आला, तर पेशी लगेच पुढे संदेश पाठवते. दाब खाली असताना ते अवघड जाते. शिवाय शेजारच्या पेशी सूक्ष्म वाटांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे कवायतीतील मुलांप्रमाणे अनेक पेशी एकाच तालात चालू शकतात.

ही लय हालचालींची वेळ साधते, असे लिनास यांचे मत. हे तंतू चूक दाखवून मेंदूला शिकवतात, असे इतर काही शास्त्रज्ञ मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

लय बिघडली तर? मस्तिष्कस्तंभाला इजा झाल्यावर काही रुग्णांत हा पुंजका फुगतो आणि त्यांच्या टाळूचा मऊ भाग सतत तालात हलत राहतो. रुग्णाने ठरवले, तरी तो थांबत नाही.

मित्रांनो, घरात नानांचा किंवा दादींचा हात थरथरतो, बशीत चहा सांडतो. अशा थरथरीचीही कारणे वेगवेगळी असतात आणि ती डॉक्टरच शोधू शकतात. पण तो हात त्यांनी मुद्दाम हलवलेला नसतो. म्हणून हसू नका. पुढे व्हा आणि कप धरा.

स्वाध्याय
1. ‘ऑलिव्ह’ हे नाव का पडले?
2. झोक्याच्या उदाहरणाने काय समजते?
3. हात थरथरणाऱ्या माणसाशी आपण कसे वागावे? चार वाक्ये लिहा.