मधुमेही माणसाचा पाय का कापावा लागतो?

मधुमेही माणसाच्या तळपायाला पडलेली जखम पुष्कळदा दुखत नाही, आणि तिचे खरे भय या न दुखण्यातच आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे पायाचे मज्जातंतू क्षीण होतात. मग वहाणेतला खडा किंवा उन्हाने तापलेली देवळाची फरशी पायाला जाणवत नाही. झोपेत उंदराने अंगठा कुरतडला आणि सकाळी अंथरुणावरचे रक्त पाहून ते कळले, अशी उदाहरणेही आपल्याकडील डॉक्टरांना ठाऊक आहेत.

परंतु जखम झाली म्हणजे पाय गेलाच, असे नव्हे. मग तो कशाने जातो? अमेरिकेतील सिॲटल येथे पेकोरारो व त्यांचे सहकारी यांनी 80 अंगच्छेदनांच्या कारणांचा माग काढला व 1990 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा 81 प्रसंगी प्रारंभ किरकोळ इजेने झाला होता! संवेदनानाश शेकडा 61, जंतुसंसर्ग 59 आणि रक्तपुरवठ्याची उणीव 46 प्रसंगी आढळली. ही बेरीज शंभराच्या पुष्कळ वर जाते, कारण एकाच पायात अनेक कारणे एकवटलेली असतात.

त्यांतील दोन एकत्र आली की संकट फारच वाढते. टेक्सासमधील 1998 च्या अभ्यासात, जंतुसंसर्ग आणि रक्ताची उणीव ही दोन्ही असलेल्या जखमांत पाय मध्यापासून किंवा त्याहून वर कापावा लागण्याचा संभव सौम्य अवस्थेतील जखमांच्या मानाने सुमारे 90 पट आढळला; शलाका हाडापर्यंत पोहोचेल इतक्या खोल जखमेत तो 11 पटींहून अधिक होता. याचे कारण उघड आहे. रोहिण्या अरुंद झाल्या की जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पुरेशा पोहोचत नाहीत, आणि पोटात घेतलेले औषधही रक्तावाटेच जावयाचे असते. धूम्रपानाने रोहिण्या अधिकच आकसतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या किंवा पूर्वी एखादे बोट गमावलेल्या रोग्यास तर विशेष जपावे लागते.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. अब्बास यांच्या 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमात डॉक्टर व परिचारिका यांना अशा पायांची निगा राखण्याचे शिक्षण देण्यात आले. या परीक्षेची साधने अगदी साधी असतात. घोट्याजवळची नाडी बोटांनी चाचपावयाची. आणि 10 ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवून, डोळे मिटलेल्या रोग्यास तो लागला काय, असे विचारावयाचे.