दाखला, पेन्शन, रॅम्प

तालुक्याच्या गावी दिव्यांगांचे अर्ज भरून देता देता जे कळलं, ते हे.

1. आधी दाखला घराजवळ मिळायला हवा. 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर ना पेन्शन, ना नोकरीतलं आरक्षण. ते मिळतं जिल्ह्याला, ठरलेल्या वारी. चालता न येणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन आई पहाटेची एसटी गाठते, तिचा रोज बुडतो. शिबिरासाठी डॉक्टरांचं पथक तालुक्याला आलं की हीच कामं गावातल्या गावात होतात. मग शिबिराची वाट का बघायची? महिन्याचा दिवस ठरवून टाका.

2. पेन्शनमागच्या अटी वाचा. केंद्राच्या योजनेत केंद्राचा वाटा महिना 300 रुपये, तोही अपंगत्व 80 टक्के आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर. राज्याने संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे 1,500 चे 2,500 केले, त्याचा आम्हाला खरोखर आनंद झाला. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं! 300 रुपये रोजाने बापाने वर्षात 170 दिवस काम केलं की 51,000 होतात. म्हणजे बाप कामाला गेला की मुलीची पेन्शन अडली. वर डायपर, रिक्षा, व्हीलचेअरची दुरुस्ती हा खर्च उत्पन्नाच्या दाखल्यावर कुठेच येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत द्यावी असं लिहिलं आहे, ते याच खर्चासाठी. आधी ही उत्पन्नाची अट बदलायला हवी.

3. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हिशोब मागा, लेखी मागा.

4. रॅम्प आहे एवढ्यावर समाधान मानू नका. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आमच्याकडच्या एका नव्या सरकारी इमारतीत तो चढ चार फुटांत उरकला आहे. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात, उतरवताना तर भीतीच वाटते. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतूडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, नुसत्या मार्गदर्शक सूचना चालणार नाहीत. तेव्हा ठेकेदाराचं बिल काढण्याआधी उतार कोणत्या अभियंत्याने मोजला, त्याचं नाव आणि सही फाइलवर असली पाहिजे.