मन खचते तेव्हा : चार साधे सराव



सकाळी उठावेसे वाटत नाही, हातातले काम सुचत नाही, मिस्सालाही जावेसे वाटत नाही. घरचे म्हणतात, 'आळस भरलाय.' कुणी म्हणते, 'श्रद्धा कमी पडली.' अशा बोलण्याने खचलेला माणूस अधिकच खचतो.

एलिया संदेष्ट्याची श्रद्धा कमी नव्हती. तरी तो रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला बोल लावला नाही. आधी झोपू दिले, दोनदा भाकर-पाणी दिले, मगच पुढची वाट दाखविली.

संत इग्नेशियस लोयोला १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झाले. पुढे मान्रेझा येथे त्यांना इतकी निराशा आली की जीव द्यावा असा विचार मनात येई. त्या अनुभवातून त्यांनी जे नियम लिहिले, ते आजही उपयोगी आहेत. त्यांना आजच्या समुपदेशनाची जोड देऊन हे चार सराव करून पाहा.

१. मोठा निर्णय थांबवा. नोकरी सोडणे, नाते तोडणे असे निर्णय निराशेत घेऊ नका. मन शांत असताना जे ठरविले, त्यावरच टिकून राहा.

२. थोडे उलट करा. प्रार्थना आटोपती घ्यावीशी वाटली तर किंचित वाढवा, असे इग्नेशियस सांगतात. कामाचेही तसेच. उत्साह आल्यावर काम करू, असे म्हणत बसू नका. काम सुरू केल्यावर उत्साह हळूहळू येतो. वेळ ठरवून पाचच मिनिटे चाला, किंवा एकच भांडे घासा.

३. विचार कागदावर उतरवा. 'माझ्याने काहीच होत नाही,' असे वाटले तर ते लिहा. हेच माझी बहीण म्हणाली असती, तर मी तिला काय सांगितले असते? ते उत्तर त्याखाली लिहा, आणि स्वतःला वाचून दाखवा.

४. रात्री दिवस आठवा. आज कशाबद्दल आभार मानावेत? मन कुठे हलके झाले, कुठे जड झाले? उद्यासाठी एकच छोटी गोष्ट ठरवा.

एक मात्र लक्षात ठेवा. उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, झोप व भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका, घरच्यांना सांगा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मदत मिळते. नैराश्य हा आजार आहे, पाप नव्हे. औषध घेणे म्हणजे देवावरचा विश्वास सोडणे नव्हे.

आणि ज्यांचे मन आज ठीक आहे, त्यांनी या आठवड्यात एक काम करावे. मिस्साला दिसेनासा झालेला शेजारी आठवावा आणि त्याच्या घरी जावे. उपदेश नको, भाकर-पाणी घेऊन जावे.