मॉरिशसचा ज्वालामुखी, खान्देशचा कातळ

प्रश्न : आम्ही मॉरिशसला निघालोय. तिथला जुना ज्वालामुखी पाहणं सुरक्षित आहे का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : खुशाल जा. क्युरपीप गावातलं ‘त्रू ओ सेर्फ’ हे विवर निद्रिस्त आहे. काठावरून गोल फेरी मारता येते. आत दाट झाडी, तळाशी पाणी. तिकडे पाऊस फार, छत्री ठेवा.

बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या तप्तबिंदूतून आला, त्यानेच पुढे मॉरिशस घडवलं. आज तो शेजारच्या रीयुनियन बेटाखाली धगधगतोय.

निघण्यापूर्वी धुळे-नंदुरबारकडच्या माळावर एक चक्कर मारा. तिथे भिंतीसारखे लांबच लांब उभे काळे कातळ म्हणजे जमिनीच्या भेगांत गोठलेला तोच लाव्हा. मग मॉरिशसचा दगड ओळखीचा वाटेल.