वजन भरले, तरी पाठपुरावा सुटू नये

जन्माच्या वेळी 2,500 ग्रॅमपेक्षा कमी भरणाऱ्या अर्भकास, ते किती आठवड्यांचे आहे हे न पाहता, कमी वजनाचे म्हणतात आणि 1,500 ग्रॅमखालील अर्भक अत्यल्प वजनाचे मानले जाते. या दुसऱ्या गटातील मुलांत अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजे वयाच्या मानाने लक्ष न टिकणे किंवा आवेग न आवरणे आणि त्यापायी घरी व शाळेत अडचण होणे, इतर मुलांच्या सुमारे दुप्पट-तिप्पट आढळतो, मात्र बहुसंख्य मुले त्यापासून मुक्त राहतात.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाअखेरीस जन्मलेल्या, 2,000 ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्यांतील बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण असूनही गणित त्यांना जड गेल्याचे दिसले.

प्रस्तुत लेखिकेच्या कोल्हापूरच्या घरात याचाच प्रत्यय आला. जन्मतः कमी वजनाच्या तिच्या बाळाने वर्षाच्या आत अंग धरले, तेव्हा ‘आता काय काळजी न्हाई’ असे शेजारपाजारही म्हणू लागला. पुढे तिसरीत हा मुलगा फळ्यावरचे गणित उतरवताना दुसऱ्या ओळीवर थांबे, हातचा विसरे आणि खिडकीबाहेर पाहत बसे. तो कोणाला त्रास देत नसल्याने शाळेतून तक्रार आली नाही. कमी वजनाच्या मुलांत दंगामस्तीपेक्षा अवधानाची उणीवच अधिक असते, म्हणून शांत मूल नजरेतून निसटते, आणि हीच खरी धोक्याची जागा आहे.

अशा मुलाची प्रथम दृष्टी व श्रवण तपासून घ्यावेत, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे दोष असू शकतात आणि ते दुर्लक्षासारखे भासतात. अवधान-न्यूनतेचे निदान झाल्यास सहा वर्षांखालील मुलासाठी औषधाआधी पालकांचे वर्तन-प्रशिक्षण करावे, असा बालरोगतज्ज्ञांचा संकेत आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासते आणि गरजेनुसार जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठवते. ही सेवा मोफत आहे. लेखिकेच्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सर्वांत आधी मागितले ते जन्मवेळचे डिस्चार्ज कार्ड. पालकांनी ते जन्मदाखल्याइतकेच जपावे आणि पहिलीत नाव घालतानाच वर्गशिक्षकांना मुलाचे जन्मवजन सांगावे.