सिकलसेलचा खुबा आणि धातूवरचा हाडासारखा लेप



विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द नवा नाही. अंग ठणकणे, रक्त चढवणे, शाळा बुडणे हे पुष्कळ घरांनी पाहिले आहे. पण या आजाराच्या एका दुखण्याकडे फार उशिरा लक्ष जाते. पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा लंगडू लागतो. जांघेत दुखते म्हणतो, मांडी घालून बसता येत नाही. घरचे म्हणतात नस दबली असेल, आणि मालीश सुरू होते. मालिशीत वर्ष जाते.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. त्याला डॉक्टर बॉल म्हणतात. त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी तिथे अडकल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो, आणि वरून वजन पडत राहिले की बॉल खचतो. याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून सिकलसेलग्रस्त माणसाची जांघ दुखू लागली तर "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नये. बॉल खचण्याआधी कळले तर तो वाचवण्याचे उपाय करून पाहता येतात. जे नुसते वाहक आहेत त्यांना सहसा हा त्रास होत नाही. त्यांनी उगाच घाबरू नये.

बॉल खचलाच, तर सांधा बदलावा लागतो. मग घरात प्रश्न येतो, "डॉक्टर म्हणतात कोटिंगवाला सांधा बसवू. तो महाग आहे. कर्ज काढायचे का?" याचे उत्तर द्यायचे तर तो लेप काय करतो हे समजले पाहिजे.

खुब्याचा कृत्रिम सांधा खऱ्या अर्थाने चालू लागला तो 1962 पासून, इंग्लंडमधील सर्जन जॉन चार्नली यांच्या हातून. धातूचा दांडा मांडीच्या हाडात बसवून त्यांनी तो हाडांच्या सिमेंटने पक्का केला. हे सिमेंट बांधकामाचे नव्हे. दातांची कवळी ज्या जातीच्या प्लॅस्टिकपासून करतात, त्याच जातीचे असते. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते. म्हाताऱ्या, ठिसूळ हाडाच्या माणसाला ते आजही उत्तम काम देते. पण तरुण माणूस चालतो, जिने चढतो, ओझी उचलतो. त्याला तो सांधा चाळीस वर्षे पुरायला हवा, आणि वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी सिमेंटची पकड सुटू शकते.

म्हणून दुसरी वाट शोधली गेली, ती म्हणजे हाडालाच धातू धरून ठेवू द्यायचे. 1952 मध्ये स्वीडनचे ब्रॉनेमार्क सशाच्या हाडात टिटॅनियमचे छोटे उपकरण बसवून अभ्यास करत होते. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना, कारण हाड त्याला चिकटून वाढले होते. टिटॅनियमवर आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. तो लोखंडाच्या गंजासारखा झडत नाही, उलट धातूचे रक्षण करतो, म्हणून शरीर त्याला सहन करते.

पुढची पायरी म्हणजे हा लेप. त्याचे नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. नाव अवघड आहे, पण वस्तू ओळखीची आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हे खनिज आपल्या हाडातल्या खनिजाच्या अगदी जवळचे. त्याची पांढरी पूड दहा हजार अंशांहून तप्त ज्वालेतून धातूवर फवारतात. पूड त्या ज्वालेत सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच राहते, अर्धवट वितळते आणि धातूच्या खरखरीत पृष्ठावर बसते. गिलाव्याचे काम केलेल्यांना हे लगेच कळेल. गुळगुळीत पत्र्यावर गिलावा धरत नाही, विटेवर धरतो. लेपाची जाडी वहीच्या एक-दोन कागदांएवढी. जाड लेप म्हणजे चांगला लेप असे नाही, जाड लेपाचे पापुद्रे सुटतात. लंडनमध्ये 1985 साली असा लेप दिलेला खुब्याचा सांधा पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला.

शरीरात गेल्यावर लेपातले कॅल्शियम-फॉस्फेट हळूहळू विरघळते, हाड घडवणाऱ्या पेशी तिथे येतात आणि नवे हाड थेट धातूपर्यंत वाढते. याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. लेप फक्त हाडाकडच्या बाजूला असतो. बॉल आणि वाटी जिथे एकमेकांवर फिरतात तिथे तो नसतो. त्यामुळे कोटिंग घेतले म्हणजे सांधा झिजणार नाही, हा समज चुकीचा आहे.

माझ्या मते सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट पुढे आहे. दांडा हाडात सुरुवातीला नुसता घट्ट ठोकून बसवलेला असतो. त्या काळात तो हाडाशी सुमारे 150 मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, म्हणजे लेपाच्या जाडीएवढाच, तर तिथे हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि सांधा कायमचा ढिला राहतो. कितीही महागडा लेप असो, मग तो कामाचा नाही. स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग लगेच काढत नाहीत, तसेच हे. काही सर्जन दुसऱ्याच दिवशी पूर्ण वजन टाकायला सांगतात, काही सहा आठवडे वॉकर देतात. ते दांडा किती घट्ट बसला यावर ठरते. शेजारच्या मावशी लवकर चालल्या म्हणून आपणही चालायचे, असे करू नये.

याच काळात उकिडवे बसणेही बंद असते, कारण सांधा निखळू शकतो. सार्वजनिक संडास असलेल्या वस्तीत ही सर्वांत मोठी अडचण. ऑपरेशनच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. मधोमध भोक पाडलेली मजबूत खुर्ची आणि खाली बादली, एवढ्यावरही निभते.

सिकलसेलग्रस्तांचे हाड आतून काही ठिकाणी फार कडक आणि पोकळी अरुंद झालेली असते. दांडा बसवताना हाडाला तडा जाण्याची भीती असते, म्हणून असे खुबे बदलण्याचा अनुभव असलेला सर्जन लेपाच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचा. अशा तरुण रुग्णांत आज बहुतेक सर्जन सिमेंटविना सांधाच निवडतात. म्हणजे तिशीतल्या सिकलसेलग्रस्ताला लेपाचा सांधा सुचवला तर त्यात फसवणूक मानू नये. मात्र सत्तरीतल्या आजीचे हाड ठिसूळ असेल आणि डॉक्टर सिमेंट म्हणत असतील, तर "आपण गरीब म्हणून स्वस्तातले देतात" असे समजून कर्ज काढू नये. तिच्यासाठी तेच योग्य असू शकते.

सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाचा धोका इतरांहून जास्त, आणि जंतू एकदा धातूवर थर करून बसले की नुसत्या औषधाने सहसा निघत नाहीत. किडका दात, पायाची जखम, लघवीची जळजळ हे ऑपरेशनच्या आधी बरे करून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलचे कार्ड स्वतः दाखवा. ऑपरेशनच्या वेळी अंगातले पाणी, ऊब आणि ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नसतो, आणि आधी रक्त चढवायचे का हेही त्यांना ठरवायचे असते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. योजनेत कोणता सांधा मिळतो आणि वर पैसे का मागितले जात आहेत, हे त्यांना ऑपरेशनच्या आधी विचारा. सांध्याच्या खोक्यात नाव, माप आणि लॉट नंबरची चिकटपट्टी असते. तिची एक प्रत आपल्या फाइलमध्ये लावून मागा. पंधरा-वीस वर्षांनी तो सांधा पुन्हा उघडायची वेळ आली, तर नव्या सर्जनला आत काय बसवले आहे हे त्या पट्टीवरूनच कळते.